धुतलेली बरणी

"ब्रिजेत, जरा बरणीत तोंड घालून बघ गं, कसला वास राहिलाय का," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातला काथ्या हातातच राहिला.

मी धुण्याच्या दगडापाशी गुडघ्यापर्यंत भिजून बसले होते. ती बरणी मी धुतली होती. लग्न होऊन वसईतल्या ह्या घरात आले त्या वर्षापासून वाईनच्या बरण्या मीच धुते. आणि धुणं म्हणजे काही नुसतं पाणी फिरवणं नव्हे. आधी राख आणि नारळाचा काथ्या घेऊन आतून घासायची, कारण साबणाचा वास चिनी मातीत एकदा बसला की बसला. मग सोड्याचं पाणी. मग कोमट, मग कडकडीत. एकदम उकळतं ओतलं तर बरणीला तडा जातो, हे मी पहिल्याच वर्षी एक बरणी घालवून शिकले होते. पाणीसुद्धा बावखलातलं चालत नाही. वाडीतल्या त्या तळ्यात म्हशी बसतात. विहिरीचंच ओढायचं. मग बरणी विटांवर उपडी ठेवायची, खालून वारा लागेल अशी, आणि शेवटी करवंटीत गंधकाचा खडा पेटवून आत धुरी द्यायची. गाळायची फडकी, बाटल्या, बुचं, ढवळायची लाकडी पळी, सगळं हंड्यात उकळून काढायचं. त्या दिवसांत चर्चमध्ये मिस्साला जाताना मी हात पदराखाली घ्यायची, इतके ते सोललेले असायचे.

धुरी विरली की सासूबाई यायच्या. बरणीत तोंड घालायच्या, डोळे मिटायच्या आणि काही न बोलता आत निघून जायच्या. काही बोलल्या नाहीत म्हणजे पास. त्या मला कधी छान म्हणाल्या नाहीत, पण पुन्हा धू असंही कधी म्हणाल्या नाहीत. एकदाच, आळीतल्या बायका जमल्या होत्या तेव्हा, त्या म्हणाल्या होत्या की नातालिनने धुतलेल्या बरणीत देवळातलं पवित्र पाणी ठेवावं. त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली ते माझं मला माहीत.

आणि आता माझ्या बरणीत तोंड घालणार कोण, तर ब्रिजेत. माझी धाकटी जाऊ. दीर इनासशी लग्न होऊन ती नाताळच्या आधी घरात आली होती. वांद्र्याला वाढलेली. तिच्या माहेरी नाताळची वाईन बेकरीतून बाटलीत यायची, तिला बरणी धुतलेली काय आणि न धुतलेली काय. तिने गळ्यातली साखळी एका हाताने मागे धरली, वाकून हुंगलं आणि म्हणाली, "काही नाही आई. एकदम स्वच्छ आहे."

एकदम स्वच्छ आहे म्हणे. माझ्या कामाला हिचं सर्टिफिकेट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी बादली उचलली आणि विहिरीकडे गेले.

त्या वर्षीची वाईन साधी नव्हती. माझी नणंद रेजिना, सासूबाईंची एकुलती मुलगी, तिचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. मुलीच्या लग्नाची वाईन घरचीच हवी, हा आमच्याकडचा मान. ती बरणी उघडायचीही एक रीत आहे. लग्नाच्या आधीच्या रविवारी नवरीचा मामा येतो, सगळ्यांसमोर बरणीचं फडकं सोडतात, आणि पहिला घोट मामा घेतो. त्याच्या आधी घरातल्या कुणीही जिभेला थेंब लावायचा नाही. मामाने घोट घेऊन ग्लास पुढे केला की लग्नघर सुरू झालं.

वाईन घालायच्या सासूबाई. कोंसूबाईंची वाईन म्हणून आसपासच्या गावांत नाव होतं. द्राक्षं चुरणं, साखर किती, गहू किती, लवंग कधी टाकायची, रोज किती ढवळायचं, हे सगळं त्या आतल्या खोलीत एकट्या करायच्या. मला म्हणायच्या, दाखवीन तुला सवडीने. मी मनाशी धरून चालले होते की रेजिनाच्या लग्नाच्या वर्षी ती सवड येणार. नाशिकची काळी द्राक्षं टोपल्यांतून आली, मी एकेक घड पुसून ठेवला, उकळलेली पळी कोरडी करून हातात घेतली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

सासूबाईंनी माझ्या हातातली पळी घेतली. मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "ब्रिजेत, ये गं आत." आणि दार लोटून घेतलं.

मी किती वेळ त्या लोटलेल्या दाराकडे बघत होते, देव जाणे. आतून दोघींची कुजबुज ऐकू येत होती. जोकीमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी सांगितलं तर तो केळीच्या वाडीतून नुकताच आलेला, पाय धूत म्हणाला की तुझ्या पोटात दुखतंय. मी म्हटलं हो, दुखतंय. खोटं कशाला बोलू? बरण्या घासायला मी, आणि द्राक्षात हात घालायला कालची आलेली.

त्यानंतर माझं लक्षच दुसरीकडे लागेना. जिथे बघावं तिथे ब्रिजेत. दारावर मासेवाली आली की इतकी वर्षं सासूबाई मासा नाकाशी धरून घ्यायच्या. आता म्हणायच्या, ब्रिजेत घेईल. आमटीत मीठ-मसाला बघायला ब्रिजेत. सासूबाई चुलीपाशीच बसलेल्या असताना एकदा दूध करपलं, घरभर वास सुटला, आणि त्या आपल्या ब्रिजेतच्या वांद्र्याच्या गोष्टी ऐकत बसलेल्या. मी धावत येऊन पातेलं उतरवलं आणि म्हटलं, घर जळालं तरी चालेल, गप्पा थांबायला नकोत. सासूबाई पातेल्याकडे बघत राहिल्या, चेहरा एवढासा झाला त्यांचा. मला वाटलं, बरं झालं, लागलं एकदाचं.

ब्रिजेत माझ्याशी गोडच वागायची, त्याचाच जास्त राग यायचा. वहिनी, तुम्ही बसा, मी करते. वहिनी, तुमच्या हातांना लावायला मी मलम आणलंय. ते मलम मी महिनाभर डबीतून बाहेर काढलं नाही.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी, आमच्याकडे डुकराचं मटण होतं. त्यात घालायला शिरका, म्हणजे व्हिनेगर, लागतो. तोही आम्ही घरीच करतो, पण त्याची बरणी मागच्या पडवीत, त्याची पळी तिथेच खुंटीला, त्याचं फडकंही तिथेच. शिरक्याची वस्तू घराचा उंबरा ओलांडून आत येत नाही. शिरका लागलेल्या पळीचा नुसता स्पर्श झाला तरी वाईन फुकट जाते, तिचा हळूहळू शिरकाच होतो. सासूबाईंनीच मला हे घरात आल्या आल्या शिकवलं होतं. त्या दिवशी शिरका त्यांनीच काढून दिला. वाईन तेव्हा रोज ढवळायची होती. पुढे फसफस थांबली, सासूबाईंनी बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर कणकेने लिंपून टाकलं, आणि आम्ही सगळे लग्नाच्या तयारीला लागलो.

मामाचा रविवार आला. मी पहाटेच्या मिस्साला जाऊन लवकर परत आले, कारण बाटल्या शेवटच्या उकळून घ्यायच्या होत्या. बाकीची मंडळी दुसऱ्या मिस्साला गेली होती. घरात शांत होतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि मी उंबऱ्यापर्यंत पोचले तेवढ्यातच तो वास नाकात शिरला.

शिरका. नाकात चढणारा, डोळ्यांत पाणी आणणारा शिरका, आणि तो पडवीत नाही, आतल्या खोलीत.

बरणीचं लिंपण एका बाजूने नखाने उकरलेलं होतं. सगळ्यांबरोबर मिस्साला न जाता ब्रिजेत तिच्याजवळ जमिनीवर बसली होती, रविवारच्या साडीत, आणि रडत होती.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, रेजिनाचं लग्न होतं, पण मला आनंद झाला. पदर खोचून दारात उभी राहिले आणि म्हटलं, "गोड बोलून वाईन होत नसते, ब्रिजेत. आता घे पळी आणि वाढ सगळ्यांना."

ती उठली, आणि आधी दार लावून घेतलं.

"वहिनी, हळू बोला. आईंना माहीत नाही."

"काय माहीत नाही? रस्त्यावर वास जातोय."

"त्यांना येत नाही," ती म्हणाली. "त्यांना कसलाच वास येत नाही. मागच्या पावसाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून."

मला कळायला वेळ लागला. ती खालच्या आवाजात सगळं सांगत गेली. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मासे शिजायला टाकले होते ते खराब निघाले, ते ब्रिजेतच्या लक्षात आलं. तेव्हा सासूबाईंनी तिला क्रूसासमोर शपथ घातली, की कुणाला सांगायचं नाही. इनासलाही नाही. रेजिनाची वाईन घालायची आहे, एवढी एक घालू दे, मग बघू. म्हणून बरणी हुंगायला ब्रिजेत, मासे घ्यायला ब्रिजेत, आतल्या खोलीत ब्रिजेत. शिकवायला नव्हतं नेलं तिला. नाक म्हणून नेलं होतं.

आणि मटणाच्या दिवशी सासूबाई पडवीतून शिरका काढून आल्या, पळी हातातच होती, तशाच आत आल्या आणि त्याच पळीने वाईन ढवळली. आधी पळी नाकाशी नेऊनच बरणीत घालायची सवय; नेलीही असेल, पण नाकाला काही कळलंच नाही. ब्रिजेत आली तोवर ढवळून झालं होतं. तिने पळी हुंगली आणि तिच्या लक्षात आलं. तिने ती गुपचूप जागेवर नेऊन लावली आणि काही होऊ नये म्हणून चाळीस दिवस रोझरी म्हटली.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी सांगायला हवं होतं, मला कळतंय, पण मी शपथ..."

"तुझं नाही विचारत मी. त्यांनी. इतकी वर्षं मी ह्या घरात आहे. मला का नाही सांगितलं?"

ब्रिजेत पायांकडे बघायला लागली. सांगायचं नव्हतं तिला, ते दिसत होतं. मी दारातून हलत नाही म्हटल्यावर म्हणाली, "त्या म्हणाल्या, नातालिनला कळलं की ती माझ्या हातातून पळी काढून घेईल."

तोंडात मारल्यासारखं झालं. कारण घेतली असती. ताप उतरायच्या आधीच घेतली असती.

तरी माझा जळफळाट काही कमी झाला नाही, उलट वाढला. आधी वाटत होतं सासूबाईंनी हिला वाईन दिली. वाईन परवडली असती. त्यांनी हिला ते दिलं होतं जे कुणालाच दाखवत नव्हत्या, ते उघडं करून दिलं होतं, आणि तेही घरात येऊन आठवडा झालेल्या मुलीला. मी तिथेच होते, चुलीपाशी, विहिरीपाशी, रोज. मला मासे खराब आहेत हे कळलं असतं तर मी काय बोलले असते तेही मला ठाऊक होतं.

मी विचारलं, आता काय करणार आहेस? ती म्हणाली तिने ठरवलंय. मामांसमोर सांगणार, की पळी माझ्या हातून चुकली. मी नवीन आहे, मला माफ करतील. आईंवर यायला नको, आज तर नकोच, मुलीच्या लग्नाची वाईन आहे. त्यांना कळलं की आपल्या हातून गेली, तर त्या परत कशालाच हात लावणार नाहीत.

डोळे पुसले तिने, केस नीट केले आणि बरणीचं लिंपण पाण्याचा हात लावून पुन्हा बसवलं. मी हंडा चुलीवर चढवला. बाटल्या उकळायला ठेवल्या.

दुसरा मिस्सा सुटला आणि घर भरलं. रेजिना, तिच्या मैत्रिणी, आळीतल्या बायका, जोकीम, इनास. बस्त्याव मामा पांढरा शर्ट घालून पडवीत खुर्चीवर बसले. ते सासूबाईंचे थोरले भाऊ, गावात कुणाच्याही घरचं कार्य त्यांच्याशिवाय होत नसे. इनासने आणि जोकीमने बरणी उचलून बाहेर आणली. सासूबाई नवं लुगडं नेसून बरणीच्या बाजूला उभ्या राहिल्या, हात पोटाशी धरून. मी त्यांच्याकडे बघत होते. इतकी वर्षं बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की त्या घाबरलेल्या आहेत. फडकं सुटलं की लोकांचे चेहरे कसे होतात, त्यावरूनच त्यांना कळणार होतं.

लिंपण फोडलं. फडकं सोडलं. पुढच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने पदर नाकाला लावला.

मामांनी रीत सोडली नाही. ग्लास भरून घेतला, क्रूसाची खूण केली आणि घोट घेतला. गिळताना त्यांचे डोळे मिटले. मग ग्लास खाली ठेवून अगदी हळू म्हणाले, "कोंसू, हा शिरका झालाय गं."

सासूबाईंनी तो ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. नाक गेलं होतं, जीभ होती. आंबट लागलं. त्यांनी ग्लास धरलेल्या आपल्या हाताकडे बघितलं, मग पडवीतल्या त्या खुंटीकडे, आणि मला कळलं की त्यांना आठवतंय. त्यांचे ओठ हलायला लागले. त्या बोलणार होत्या, सगळ्यांसमोर, आपल्याच तोंडाने.

तेवढ्यात ब्रिजेत पुढे झाली. "मामा, त्याचं असं झालं, माझ्या..."

आणि त्या क्षणी मला काय झालं ते सांगते. मला दिसलं की आता ही हे पण घेणार. बरणी हुंगणं घेतलं, आतली खोली घेतली, सासूबाईंचं गुपित घेतलं, आणि आता सगळ्यांसमोर त्यांची लाज स्वतःच्या डोक्यावर घेऊन ही त्यांची जन्माची होणार. आणि मी बाटल्या पुसत उभी राहणार.

"बरणी मी धुतली," मी म्हटलं.

आवाज इतका मोठा निघाला की रेजिनाची मैत्रीण दचकली. "शिरक्याच्या बरणीचा काथ्या हाताला आला, त्यानेच घासली. लक्षात आलं होतं माझ्या. कंटाळा केला, पुन्हा धुतली नाही. ब्रिजेतचा काही संबंध नाही, तिला काय कळतंय."

ब्रिजेतचं तोंड उघडंच राहिलं. आता तिला काही बोलता येईना. बोलली असती तर मला खोटं पाडावं लागलं असतं आणि मग खरं कुठून कुठे गेलं असतं कोण जाणे.

सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. तेच सगळ्यात जास्त लागलं. एकाही बाईला वाटलं नाही की नातालिन असं करणार नाही. कुणीतरी मागून म्हणालं, हो, धुणं हिच्याकडेच असतं ना. रेजिना माझ्याकडे न बघता आत गेली. जोकीमची मान खाली. मामांनी एवढंच म्हटलं, की मुलीचं लग्न होतं गं, जरा लक्ष द्यायचं. मग त्यांनी आळीतल्या घरांतून बाटल्या जमवायला इनासला पाठवलं.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं बरणी स्वच्छ होती. त्यांनी स्वतः ब्रिजेतला हुंगायला लावली होती. त्या काही बोलल्या नाहीत.

दुपारी मंडळी पांगली तेव्हा मी मागे विहिरीपाशी वाईन ओतून बरणी रिकामी करत होते. सासूबाई येऊन धुण्याच्या दगडावर बसल्या. नवं लुगडं ओलं होईल म्हटलं, तरी बसल्या.

"ब्रिजेत बोलणार होती," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"म्हणजे तुला सगळंच माहीत आहे."

"आज सकाळपासून. माझ्याआधी अख्खं वांद्रं जाणत होतं."

त्यांनी लुगड्याचा ओला काठ पिळला. मग म्हणाल्या, "मग तू कशाला मध्ये पडलीस? ती नवी होती, लोक विसरले असते. तुला आता आळी जन्मभर बोलेल."

"थोरली मी आहे," मी म्हटलं.

एवढंच बोलायचं ठरवलं होतं, पण पुढचंही तोंडातून निघून गेलं. म्हटलं, घरात काही झालं तर आधी मला कळायला हवं होतं. मी पळी काढून घेतली असती, हो, घेतली असती, आणि तुम्हाला चार शब्दही ऐकवले असते. तरी मला सांगायला हवं होतं. ती कोण आहे?

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "तुझ्या जिभेला भ्यायले गं मी," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

मी बरणी उपडी केली. उरलेली वाईन मातीत जिरत गेली.

"ब्रिजेत आत रडतेय," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "जा, तिला सांग रडू नकोस म्हणावं."

"तुम्हीच सांगा. तुमची लाडकी आहे ती."

त्यावर त्या हसल्या. हसता हसता रडल्या, आणि मला जवळ बस म्हणाल्या. मी हात पुसले, त्यांच्याशेजारी दगडावर दोन क्षण टेकले, आणि मग उठून ब्रिजेतकडे मीच गेले.